बिदागी कोणीं द्यावयाची?

गवयाची बिदागी कोणीं द्यावयाची, हा प्रश्न तबकडीपेक्षांहि जुना आहे. दरबार होते तोंवर ती राजानें दिली. दरबार ओसरले तेव्हां ती तिकिटाच्या रूपानें नाटकगृहाच्या खिडकीशीं जमा होऊं लागली. पुढें ध्वनिमुद्रिका आली, आणि बिदागी दुकानदाराच्या गल्ल्यांतून कंपनीकडे, व कंपनीकडून, जेवढी उरेल तेवढी, गाणाऱ्याकडे जाऊं लागली. प्रत्येक वेळीं वाट बदलली. परंतु कोठली तरी वाट होती. १९९९ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंत अशी एक युक्ति निघाली कीं, तिच्यामुळें गाणें श्रोत्याच्या घरीं पूर्वींपेक्षां लवकर पोंचूं लागलें, पण बिदागीची वाट मात्र मध्येंच तुटली. त्या युक्तीचें नांव नॅप्स्टर. तिनें गाणाऱ्यांचें काय केलें, तबकड्या विकणाऱ्या दुकानांचें काय केलें, आणि तुटलेली वाट पुन्हां कितपत जोडली गेली, ही हकीकत श्रोत्यांनीं मुद्दाम ऐकण्यासारखी आहे; कारण ह्या खटल्यांत श्रोता हाहि एक पक्षकार आहे.

ह्या युक्तीच्या मुळाशीं एक जर्मन शोध होता. एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेंत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत एका साध्या निरीक्षणाचा पाठपुरावा केला. मोठा आवाज चालू असतांना त्याच्या शेजारचा बारीक आवाज माणसाच्या कानाला ऐकूं येत नाहीं. मग तो सांठवून ठेवावयाचा तरी कशाला? असे न ऐकूं येणारे अंश गाळून टाकले, तर गाण्याची नोंद मूळच्या सुमारें एकदशांश जागेंत बसते. सीडी ह्या चकचकीत तबकडीवर चार मिनिटांचें जें गाणें चाळीस मेगाबाइट जागा अडवीत असे, तें ह्या रीतीनें चार मेगाबाइटांत मावूं लागलें. १९९५ सालीं अशा नोंदींना एमपीथ्री हें आटोपशीर नांव मिळालें. शोध लावणाऱ्यांच्या मनांत कोणाची कमाई बुडविण्याचा हेतु नव्हता. टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवितां यावें, एवढीच मूळची इच्छा होती. परंतु शोध एकदां घराबाहेर पडला म्हणजे तो बापाचें ऐकतोच असें नाहीं.

शॉन फॅनिंग हा बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठांतील अठरा वर्षांचा विद्यार्थी. इंटरनेटवर गाणीं शोधणें त्या काळीं फार त्रासाचें होतें. आज सांपडलेलें गाणें उद्यां त्या जागीं नसे. फॅनिंगनें त्यावर तोड काढली ती अशी. ग्रंथालयाची यादी तेवढी एका ठिकाणीं ठेवावी आणि पुस्तकें मात्र ज्याच्या त्याच्या घरींच राहूं द्यावीं. यादींत नांव पाहून एकानें दुसऱ्याच्या घरून थेट नक्कल उतरून घ्यावी. नॅप्स्टरची यादी कंपनीच्या यंत्रांवर होती, आणि गाणीं लोकांच्या स्वतःच्या संगणकांवर. शेजाऱ्याला पुस्तक उसनें दिलें तर आपलें फडताळ तेवढें रिकामें होतें. येथें देणाऱ्याचें कांहींच कमी होत नव्हतें. म्हणूनच देणाऱ्याला आपण उदार आहों असें वाटे आणि घेणाऱ्याला आपण चोर आहों असें वाटत नसे. विद्यापीठांच्या वसतिगृहांत वेगवान तारा होत्या, तेथें हें वेड प्रथम पसरलें. दीड वर्षाच्या आंत वापरणारांची संख्या कोटींवर गेली.

गाणाऱ्यांचें मत ह्याविषयीं एक नव्हतें. मेटॅलिका ह्या प्रख्यात वाद्यवृंदाचें, एका चित्रपटासाठीं चाललेलें आणि अद्याप पुरें न झालेलें गाणें, प्रसिद्धीपूर्वींच रेडिओ केंद्रांवरून वाजूं लागलें. शोध घेतां तें नॅप्स्टरवरून बाहेर पडल्याचें कळलें. २००० सालच्या एप्रिलांत मेटॅलिकानें दावा लावला, आणि मे महिन्यांत त्यांचा ढोलवादक लार्स उलरिच हा आपलीं गाणीं वांटणाऱ्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या नांवांची यादी घेऊन नॅप्स्टरच्या कचेरींत हजर झाला. त्याचे म्हणणें पैशापुरतेंच नव्हतें. गाणें केव्हां पुरें झालें आणि केव्हां लोकांपुढें न्यावयाचें, हें ठरविण्याचा अधिकार गाणाऱ्याचा कीं ऐकणाऱ्याचा, असा त्याचा सवाल होता. उलट चक डी ह्या कृष्णवर्णीय गायकानें नॅप्स्टरची बाजू उचलून धरली. कंपन्यांच्या दाराशीं ताटकळत उभे राहणाऱ्या नव्या कलावंताला हें दार आपोआप उघडें झालें, असें तो म्हणे. दोन्ही बाजूंना पुरावा होता. रेडिओहेड ह्या इंग्रजी वृंदाचीं गाणीं २००० सालीं प्रकाशनापूर्वींच फुटलीं, तरीहि तो संच अमेरिकेंत विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर आला. शेफील्ड गांवच्या आर्क्टिक मंकीज ह्या पोरसवदा वृंदाचीं गाणीं चाहत्यांनीं आपसांत वांटलीं, आणि २००६ सालच्या जानेवारींत त्यांचा पहिलाच संच इंग्लंडांत विक्रमी वेगानें खपला. मात्र असे दाखले मोजके असतात. ज्याचें नांव झालें त्याचीच हकीकत छापून येते. ज्याच्या तबकडीच्या पांच हजार प्रती खपत त्या दोन हजारांवर आल्या, त्याची हकीकत कोणी छापीत नाहीं.

न्यायालयाचें काम त्या मानानें लवकर उरकलें. ध्वनिमुद्रण-कंपन्यांच्या संघानें १९९९ सालच्या डिसेंबरांतच फिर्याद केली होती. न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल ह्यांनीं २००० सालच्या जुलैंत मनाई हुकूम दिला; २००१ सालच्या फेब्रुवारींत अपील न्यायालयानें मुख्य मुद्यांवर त्यांचेंच मत उचलून धरलें; आणि त्याच वर्षींच्या जुलैंत नॅप्स्टर बंद पडलें. ज्या मध्यवर्ती यादीमुळें त्याला बळ आलें होतें, त्याच यादीनें त्याचा घात केला, कारण यादी ठेवणाऱ्याला ‘आम्हांस कांहीं माहीत नव्हतें’ असें म्हणतां येईना. पुढें निघालेल्या मंडळ्यांनीं हा धडा बरोबर घेतला. काझासारख्या व्यवस्थेंत अशी एकच यादी राहिली नाहीं; बिटटॉरेंट ह्या २००१ सालच्या पद्धतींत तर एका वस्तूचे तुकडे अनेकांकडून एकाच वेळीं गोळा होतात, त्यामुळें नेमका देणारा कोण हेंच सांगणें कठीण. २००५ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ग्रोकस्टर खटल्यांत असा निकाल दिला कीं, लोकांना नियमभंगास उत्तेजन देण्याच्या उद्देशानें जो साधन पुरवितो तोहि जबाबदार आहे. निकाल स्पष्ट होता. परंतु तोंपर्यंत पाणी बांध फोडून गेलें होतें.

मग कंपन्यांनीं ग्राहकावरच हत्यार धरलें. २००३ सालच्या सप्टेंबरांत एका दिवशीं २६१ व्यक्तींवर दावे दाखल झाले, आणि त्यांत न्यूयॉर्कमधील एक बारा वर्षांची मुलगी निघाली. तिच्या घरच्यांनीं दोन हजार डॉलर भरून तडजोड केली. मिनेसोटा संस्थानांतील एका स्त्रीला चोवीस गाण्यांबद्दल २००७ सालीं २,२२,००० डॉलरांचा दंड झाला. फेरसुनावणींत ज्यूरीनें तो १९ लक्ष २० हजारांवर नेला. आणि पुष्कळ वर्षें वाद चालून अखेर २०१२ सालीं मूळचाच आंकडा कायम झाला. असे तीस हजारांहून अधिक दावे करून २००८ सालाअखेर संघानें हा मार्ग सोडला. चोवीस गाण्यांची बाजारांतील किंमत पंचवीस डॉलरांच्या आंत होती. कायदा कंपन्यांच्या बाजूनें होता ह्यांत शंका नाहीं. पण ज्या कायद्याचा हिशेब सामान्य माणसाला पटत नाहीं, त्याचा धाक वाटला तरी आदर वाटत नाहीं.

आतां दुकानांकडे वळावयाचें. कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो शहरीं रस सॉलोमन नांवाचा एक मुलगा आपल्या वडिलांच्या औषधांच्या दुकानांत जुन्या तबकड्या विकीत असे. १९६० सालीं त्यानें टॉवर रेकॉर्ड्‌स हें दुकान काढलें. दुकान मध्यरात्रीपर्यंत उघडें, माल प्रचंड, आणि गल्ल्यामागें उभा असणारा नोकर स्वतः संगीताचा वेडा, ही तेथील रीत. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन, टोकियो अशा शहरांत शाखा झाल्या, आणि १९९९ सालीं वर्षाची उलाढाल एक अब्ज डॉलरांवर पोंचली. सात वर्षांनीं, २००६ सालच्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील टॉवरच्या शेवटच्या दुकानाचें दार लागलें आणि सुमारें तीन हजार माणसें कामावांचून घरीं बसलीं. त्या देशांत ध्वनिमुद्रित संगीताचें एकूण उत्पन्न १९९९ सालीं १४.६ अब्ज डॉलर होतें, तें २०१४ सालीं सुमारें सात अब्जांवर आलें.

ह्या पडझडीचें सगळें पाप फुकट नकलांच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. टॉवरनें १९९८ सालीं अकरा कोटि डॉलरांचें कर्ज काढून देशोदेशीं विस्तार केला होता, आणि विक्री घटतांच त्या कर्जाचा फांस आवळला. वॉलमार्टसारखीं अवाढव्य दुकानें गिऱ्हाइकाला आंत ओढण्यासाठीं गाजलेल्या सीडी जवळजवळ खरेदीच्या भावानें विकीत, आणि ज्याचें पोट केवळ सीडीवर होतें त्याला तें परवडत नसे. शिवाय कंपन्यांचे हातहि स्वच्छ नव्हते. जाहिरातींतील किंमत ठराविक आंकड्याखालीं आणूं नये, अशी अट त्यांनीं दुकानदारांवर घातली होती. २००० सालीं अमेरिकी व्यापार आयोगानें पांच बड्या कंपन्यांना ती सोडावयास लाविली. पंधरा-सोळा डॉलरांची सीडी दोन गाण्यांसाठीं घ्यावी लागे, आणि उरलेलीं दहा पदरीं पडत. तेव्हां तरुण गिऱ्हाईक फुकट नकलेकडे वळलें, त्यांत लोभ होता तसा रागहि होता. अर्थशास्त्रज्ञांतहि एकवाक्यता झाली नाहीं. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ ह्या दोघांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत नकलांचा विक्रीवरील परिणाम जवळजवळ शून्य काढला. लीबोविट्झ ह्यांच्यासारख्या पंडितांनीं त्यावर कडक टीका केली आणि मोठा वांटा नकलांचाच आहे असें प्रतिपादन केलें. जपानांत टॉवरचा व्यवसाय २००२ सालीं वेगळा झाला होता, तो अमेरिकेंतील मूळ कंपनी बुडाल्यावरहि चालूच राहिला. इंटरनेट जपानांतहि होतें. म्हणजे केवळ यंत्राकडे बोट दाखवून भागत नाहीं.

अशी आरोळी पूर्वींहि उठलेली आहे. १९०६ सालीं जॉन फिलिप सूझा ह्या बँडवाल्यानें यांत्रिक संगीत हें एक संकट आहे असा लेख लिहिला. गाण्याच्या नळकांड्या व तबकड्या विकून कंपन्या गबर होतात, आणि रचणाऱ्याला छदामहि मिळत नाहीं, अशी त्याची तक्रार होती. १९०९ सालच्या कायद्यानें दर नकलेमागें दोन सेंट देण्याचें बंधन घातलें. तो दर २००६ सालापर्यंत ९.१ सेंटांवर गेला. पुढें खुद्द रेडिओवरच हा आरोप आला. अमेरिकेंत तबकड्यांची विक्री १९२१ सालीं दहा कोटि डॉलरांच्या वर होती, ती मंदी आणि रेडिओ ह्यांच्या कात्रींत सांपडून १९३३ सालीं साठ लक्षांच्या आंत आली. १९४२ सालच्या ऑगस्टांत वादकांच्या संघाचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो ह्यांनीं ध्वनिमुद्रणावरच बहिष्कार पुकारला. वादकानें एकदां वाजविलेली तबकडी हॉटेलांत आणि रेडिओवर रात्रंदिवस फिरते, आणि त्यामुळें त्याच्याच भाऊबंदांची चाकरी जाते, असें त्यांचें म्हणणें होतें. मोठ्या कंपन्यांनीं १९४४ सालच्या नोव्हेंबरांत हार खाल्ली, आणि दर तबकडीमागें कांहीं रक्कम वादकांच्या निधींत टाकण्याचें कबूल केलें. दोन्ही वेळां यंत्र थांबलें नाहीं. यंत्राच्या मागोमाग बिदागीची नवी वाट पाडावी लागली.

भारतालाहि हा अनुभव नवा नाहीं. १९०२ सालीं कलकत्त्यांत गौहरजान ह्यांचें गाणें मुद्रित झालें, १९०८ सालीं त्याच शहरांत तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, आणि पुढें जवळजवळ सत्तर वर्षें कर्ण्यापुढें बसलेल्या कुत्र्याच्या छापानें ह्या देशांतील घरांवर राज्य केलें. तें राज्य १९८० नंतरच्या दशकांत कॅसेटीनें मोडलें. चोरट्या कॅसेटी फूटपाथवर अर्ध्या किमतींत मिळूं लागल्या, आणि मूळ कंपनीचा जीव घाबरा झाला. पण त्याच स्वस्ताईमुळें कोळीगीतें, भजनें, पोवाडे आणि खेडोपाडींचे तमाशे ह्यांनाहि गिऱ्हाईक सांपडलें. बड्या कंपनीच्या दाराशीं ज्यांना कोणी उभें केलें नसतें, त्यांचे आवाज बैलगाडीच्या वाटेनें गांवोगांव गेले. पुढें एकाच सीडीवर शेंदीडशें एमपीथ्री गाणीं भरून तीं रस्त्यावर विकण्याचा धंदा निघाला, आणि मग इंटरनेटनें तोहि बुडविला. मुंबईंत काळा घोडा येथें ऱ्हिदम हाऊस हें दुकान १९४० नंतरच्या दशकापासून होतें. तेथील खोलींत बसून तबकडी आधीं ऐकावी, शेजारच्या अनोळखी रसिकाशीं दोन शब्द बोलावे, आणि घेण्यास आलों होतों एक व घेतली दुसरीच, अशा आनंदांत बाहेर पडावें, हा पुष्कळ मुंबईकरांच्या तरुणपणाचा भाग होता. २०१६ सालच्या फेब्रुवारीअखेर तें दुकान बंद झालें. शेवटच्या दिवसांत तेथें निरोप घेणाऱ्यांची रीघ लागली होती. त्या रांगेंतील किती जणांनीं मागील पांच वर्षांत तेथें एक तरी सीडी घेतली होती, हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नसेल; पण कित्येकांनीं तो स्वतःला विचारला असेल.

तुटलेली वाट पुन्हां जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न ॲपल कंपनीनें २००३ सालच्या एप्रिलांत केला. एक गाणें नव्याण्णव सेंटांस. पहिल्याच आठवड्यांत दहा लाख गाणीं खपलीं. लोक पैसे देण्यास तयार असतात, पण वस्तु सोयीची आणि किंमत रास्त हवी, हें त्यावरून दिसलें. परंतु त्याच क्षणीं बारा गाण्यांचा संच मोडून एक-एक गाणें सुटें झालें, आणि कंपन्यांचें उत्पन्न कायदेशीर मार्गानेंहि घटलें. पुढें स्वीडनमध्यें २००८ सालीं स्पॉटिफाय निघालें; भारतांत तें २०१९ सालच्या फेब्रुवारींत आलें. येथें गाणें विकत घ्यावयाचेंच नाहीं. महिन्याची वर्गणी द्यावी, किंवा जाहिराती सोसाव्या, आणि हवें तें ऐकावें. ह्या पद्धतीनें अमेरिकेंतील उत्पन्न २०२१ सालीं १५ अब्ज डॉलरांवर जाऊन जुना उच्चांक ओलांडला. अर्थात् मधल्या बावीस वर्षांची महागाई जमेस धरली तर तो ओलांडलेला नाहीं.

मग तक्रार कसली राहिली? ती वांटणीची. एकूण जमा झालेली रक्कम मुख्यतः कोणाचें गाणें किती वेळां वाजलें ह्या प्रमाणांत वांटली जाते, आणि एका वाजण्यामागें पदरीं पडतो तो सेंटाचा एक लहानसा अंश. तीस सेकंद ऐकलें कीं एक वाजणें धरलें जातें; गाणें तीन मिनिटांचें असो कीं चाळीस मिनिटांचें, मोजणी एकच. ह्याचा अर्थ महाराष्ट्रांतील रसिकाला लगेच उमगेल. चाळीस मिनिटें आळविलेला बडा ख्याल आणि तीन मिनिटांचें उडतें गाणें ह्यांना सारखाच मोबदला. जुन्या तबकडीनें ख्यालाला तीन मिनिटांच्या चौकटींत कोंबलें होतें. दीर्घ तबकडीनें व कॅसेटीनें त्याला पुन्हां मोकळा श्वास दिला. आतां नवी चौकट हिशेबाच्या वहींतून आली आहे. २०२४ सालापासून तर जें गाणें वर्षांत हजार वेळां वाजलें नाहीं, त्याला स्पॉटिफायकडून मुद्रणाचा मोबदला मिळतच नाहीं. शिवाय एखाद्यानें महिनाभर केवळ एकाच अप्रसिद्ध गायकाला ऐकलें, तरी त्याची वर्गणी सामायिक रांजणांत पडते, आणि तिचा बहुतेक भाग ज्यांना त्यानें कधीं ऐकलेंहि नाहीं अशांकडे जातो. गीतकार व संगीतकार ह्यांच्याकरितां भारतांत २०१२ सालीं कॉपीराइट कायद्यांत सुधारणा होऊन, त्यांचा रॉयल्टींतील समान वांटा करार करूनहि काढून घेतां येणार नाहीं असें ठरलें. तेवढी एक पायरी वर चढली आहे.

ह्या साऱ्या उलथापालथींत गाणें मेलें नाहीं, आणि मोठे गवईहि उपाशी राहिले नाहींत. नाहीसा झाला तो मधला थर: बेताच्या खपावर संसार चालविणारा कलावंत, ध्वनिमुद्रणाच्या वेळीं दिवसाच्या रोजावर वाजविणारा साथीदार, आणि गिऱ्हाइकाचा कल ओळखून ‘हें एकदां ऐकून पहा’ म्हणणारा दुकानदार. कांहीं दुकानें टिकलीं. २००८ सालच्या एप्रिलांत अमेरिकेंतील स्वतंत्र दुकानदारांनीं आपला एक वार्षिक दिवस पाळण्यास आरंभ केला, आणि काळ्या तबकडीला पुन्हां असे दिवस आले कीं, २०२० सालीं तिचें उत्पन्न सीडीच्या पुढें गेलें. ज्याला गाणें हातांत धरावेंसें वाटतें असा श्रोता अजून आहे, एवढें त्यावरून सिद्ध होतें.

राजाच्या पदरीं गवई होता तेव्हां त्याची बिदागी चुकली तर दोष राजाला लागे. आज राजा कोणी उरला नाहीं. त्याच्या जागीं लक्षावधि घरें आहेत, आणि प्रत्येक घराला वाटतें कीं आपल्या एकट्याच्या चार आण्यांनीं काय होणार. मैफिलीचें तिकीट, गायकाच्या हातून घेतलेली तबकडी, नियमानें भरलेली वर्गणी, ह्या गोष्टी दिसावयास लहान आहेत. परंतु नॅप्स्टर हेंहि अशाच लहान लहान कृत्यांनीं मोठें झालें होतें. एका वसतिगृहांतील एका मुलानें एक गाणें उतरून घेतलें, आणि त्यानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. बिघडलें तें पुढील कोट्यवधि मुलांनींहि तसेंच म्हटलें तेव्हां.